अनुभव धागा: रविवारच्या आधीचा शनिवार (एपिस्कोपल मंडळीतली सेवा)

सुतळी
पेन्टेकॉस्ट (पवित्र आत्मा उतरला तो सण) जवळ आला की इथल्या, अमेरिकेतल्या मंडळीत कागद फिरतो, आपापल्या भाषेत वाचणारे हवेत म्हणून. मराठीचा रकाना दिसला आणि पंचहौदाचं चर्च डोळ्यांपुढे उभं राहिलं. पुण्यातलं ते मिशन ज्या काउली फादरांनी (अँग्लिकन संन्यासी पाळकांनी) चालवलं, त्यांच्याच संघाचा मठ इथे केंब्रिजला चार्ल्स नदीच्या काठी आहे, एपिस्कोपल चर्चमधला, म्हणजे इथल्या अँग्लिकन चर्चमधला. म्हटलं, या चर्चमध्ये वेदी, दार, वाचन, हिशेब सांभाळणारे आपले जे कोणी आहेत त्यांनी एका जागी लिहावं. आठवणींपेक्षा कामाचं लिहा: किती लागतं, कसं करायचं, कुठे फसतं.

माझ्याकडून वाचनाचं. प्रेषितांची कृत्ये, अध्याय २, वचनं १ ते ११. इंग्रजी वाचक चौथ्या वचनाशी पोचला की बाकी भाषा सुरू करायच्या. सगळ्यांनी एकदम तोंड उघडलं तर नुसता गलका होतो, म्हणून दोन-तीन सेकंदांनी एकेक भाषा मिसळू द्या. सगळ्यांना एका माइकपाशी गोळा करू नका. जो तो आपल्या बाकापाशी उठून वाचू दे, म्हणजे आवाज चारी बाजूंनी येतो आणि शेजारच्याला आपली भाषा कानाशी ऐकू येते. फ्रुगिया, पंफुल्या ही नावं आदल्या दिवशी मोठ्याने म्हणून ठेवा. कागद १८ पॉइंटमध्ये छापा, चष्मा विसरणारे असतातच.

ओलीइस्त्री
छान धागा. ऑल्टर गिल्डकडून, म्हणजे वेदीच्या कापडांबद्दल.

प्याला पुसायच्या रुमालाला प्युरिफिकेटर म्हणतात. उपासनेनंतर तो थेट मशीनमध्ये टाकायचा नाही. आधी भांड्यात थंड पाण्यात खळबळून घ्यायचा आणि ते पाणी पिसिनामध्ये ओतायचं. पिसिना म्हणजे जिची नळी गटाराला न जाता सरळ जमिनीत जाते ती मोरी. ती नसेल तर झाडाच्या बुंध्याशी ओता. पाणी थंडच हवं, गरम पाण्याने द्राक्षारसाचा डाग पक्का बसतो. लिपस्टिकला भांड्यांचा साबण बोटाने चोळून दहा मिनिटं ठेवा, मग धुवा. क्लोरीनचा ब्लीच नको, लिनन पिवळं पडतं आणि धागा कुजतो.

इस्त्री ओलसर असतानाच करायची. एकदा वाळलं की कितीही पाणी शिंपडा, सुरकुती जात नाही. आधी उलट्या बाजूने, मग सुलट. स्टार्च नको: प्युरिफिकेटर ओल शोषत नाही आणि घडीवर कापड चिरतं.

कॉर्पोरल, म्हणजे प्याला आणि भाकर ठेवायचं चौकोनी कापड, आडवं तीन आणि उभं तीन असं दुमडायचं. उघडलं की नऊ चौकोन दिसले पाहिजेत. सुलट बाजू आत, कारण भाकरीचा चुरा पडला तर तो घडीतच राहायला हवा. वेदीवरचं लांब पांढरं कापड मात्र घडी न घालता पुठ्ठ्याच्या नळकांड्यावर गुंडाळून ठेवतात.

चिंचगूळ
ओलीइस्त्रीताई, कापडावर पडलेल्या मेणबत्तीच्या मेणाचं काय करायचं? पितळी टोप्या लावूनही ओघळतंच.

ओलीइस्त्री
मेण गार होऊन कडक झालं की बोथट सुरीने खरवडा. उरलेलं साध्या कागदात धरून वरून कोमट इस्त्री, कागद दोन-तीनदा बदलून. ओघळ येतोय म्हणजे बहुतेक वाऱ्याचा झोत आहे. पंखा किंवा हीटरची जाळी वेदीकडे तोंड करून आहे का बघा. वात फार लांब राहिली तरी तेच होतं.

तिसरीघंटा
मेणबत्त्यांवरून एक. वेदीच्या दोन मेणबत्त्यांत आधी पत्राच्या बाजूची पेटवायची, म्हणजे वेदीकडे तोंड करून उभं राहिलं की उजवीकडची. मग शुभवर्तमानाच्या बाजूची. विझवताना उलट. शुभवर्तमानाची एकटी जळत राहू नये अशी रीत आहे. नवी मुलं ॲकोलाइट, म्हणजे वेदीवरचे मदतनीस, म्हणून येतात तेव्हा त्यांना हेच सगळ्यात कठीण जातं. झग्याच्या उजव्या बाहीच्या आत रंगीत दोरा बांधून द्या, चुकत नाहीत.

गव्हाचादाणा
गहू न चालणाऱ्यांसाठी लिहिते, कारण इथे चूक झाली तर माणूस आजारी पडतो.

प्रभुभोजनातल्या भाकरीची बिनगव्हाची वडी नेहमीच्या वड्यांच्या ताटात कोपऱ्यात ठेवून चालत नाही, चुरा लागतो. झाकणाची वेगळी डबी ठेवा आणि वाटणाऱ्याने आधी ती वडी द्यावी, मग गव्हाच्या वड्यांना हात लावावा. दुसरी गोष्ट लोक विसरतात: ज्या प्याल्यात बाकीचे वडी बुडवून घेतात त्यात गव्हाचे कण तरंगतात. सीलिएक (गव्हाने आतड्याला इजा होणारा आजार) असलेल्यांसाठी न बुडवलेला प्याला वेगळा हवा. पण प्रार्थना पुस्तक (१९७९) सांगतं की धन्यवादाच्या मोठ्या प्रार्थनेच्या वेळी वेदीवर एकच प्याला असावा, लागलाच तर सोबत द्राक्षारसाची सुरई. मग भाकर मोडल्यावर सुरईतून दुसरा प्याला भरा, तोच बिनबुडवणीचा. नियमही पाळला जातो आणि माणूसही सांभाळला जातो.

प्याला देणाऱ्यांनी दर माणसामागे काठ आतून-बाहेरून पुसायचा, प्याला पाव फेरा फिरवायचा आणि रुमालाचाही कोरडा भाग पुढे घ्यायचा.

पायरीपाशी
+१. आणि ज्यांना पायरी चढता येत नाही त्यांच्याकडे बाकाशी जाऊन भाकर द्यायची, आधी. शेवटी गेलं की त्या व्यक्तीला पूर्ण वेळ ताटकळत बसावं लागतं, आणि सगळ्यांच्या नजरा तिकडे वळतात.

रॅम्पचं गणित: १ इंच उंचीला १२ इंच लांबी. दारापाशी ७ इंचांची पायरी असेल तर ७ फूट उतार, आणि वर दारासमोर ५ फूट सपाट जागा, नाहीतर खुर्चीवरच्या माणसाला दार उघडता येत नाही. दाराची मोकळी रुंदी कमीत कमी ३२ इंच. अमेरिकेच्या अपंगांसाठीच्या कायद्यातून चर्चना सूट आहे, म्हणजे त्या कायद्याखाली कोणी तपासायला येत नाही. म्हणूनच हे मंडळीने स्वतःहून करायला हवं. चाकाच्या खुर्चीला जागा करायला बाक कापायचा तर मधल्या रांगेतला कापा. मागचा किंवा टोकाचा कापला की चाकाची खुर्ची कायम कडेलाच राहते.

चिंचगूळ
अवांतर: पंचहौदाचं नाव निघालं आणि १८९०चा चहा आठवला नाही असं कसं होईल? मिशनमध्ये चहा घेतला म्हणून रानडे, टिळक सगळ्यांवर केवढं वादळ उठलं! त्या चहाची आठवण म्हणून तरी उपासनेनंतरच्या कॉफीत आपला चहा असायलाच हवा. ४० छोट्या कपांना दूध-पाणी मिळून ५ लिटर, साखर वेगळी ठेवा, मधुमेहवाले असतात.

तिसरीघंटा
चिंचगूळ 😊 फक्त कॉफीची दोन मोठी भांडी एका भिंतीवरच्या प्लगांना लावू नका. एकेक १५०० वॉटचं, म्हणजे १२० व्होल्टला साडेबारा अँपिअर. दोन मिळून २५, आणि ब्रेकर २०चा. नेमका प्रवचनाच्या वेळी हॉलमध्ये अंधार होतो.

निळासाग
सर्वांना सामावून घेणाऱ्या मंडळीबद्दल कागदोपत्री बाजू, कारण दारावर स्वागताची पाटी लावून काम संपत नाही.

एपिस्कोपल चर्चने स्त्रियांच्या पाळकपदाला १९७६ च्या अधिवेशनात मंजुरी दिली. समलिंगी व्यक्तींचा चर्चच्या प्रेमावर आणि काळजीवर इतरांइतकाच पूर्ण हक्क आहे, हा ठरावही त्याच अधिवेशनातला. २०१५ ला विवाहाच्या नियमातली स्त्री-पुरुष ही भाषा बदलली, आणि २०१८ च्या ठरावाने, जिथले बिशप परवानगी देत नव्हते तिथेही समलिंगी विवाहाची वाट मोकळी झाली.

आता प्रत्यक्षात. विवाहासाठी पाळकांना ३० दिवस आधी कळवायचं, दोघांपैकी एकाचा तरी बाप्तिस्मा झालेला हवा, दोन साक्षीदार हवेत. हे सगळ्या जोडप्यांना सारखंच. पण कार्यालयातला अर्ज जुना असतो, त्यात वर आणि वधू असे दोन रकाने. दार उघडं म्हणायचं आणि पहिल्याच कागदावर माणसाला स्वतःला खोडायला लावायचं, हे फार दुखतं. तो अर्ज आजच बदलून घ्या. पुस्तिकेत आई-वडील ऐवजी पालक. नावाच्या बिल्ल्यावर सर्वनाम लिहायला जागा ठेवा, पण सक्ती नको. घरातून लपून येणारेही असतात.

गव्हाचादाणा
निळासाग, अर्जाचं लिहिलंत ते बरं केलंत.

खतावणी
पैसे आणि नोंदी. दानाची थाळी दोघांनी मोजायची, आणि ते दोघं एका घरातले नसावेत. मोजून झालं की दोघांच्या सह्या, पिशवी तिथेच सीलबंद. एकट्याने घरी नेऊन मोजणं कितीही विश्वासाच्या माणसाचं असो, थांबवा. संशय आला तर त्याच्याच वाट्याला येतो.

उपासनेच्या वहीत हजर किती आणि प्रभुभोजन घेतलेले किती, हे दोन आकडे वेगळे लिहायचे. अशरने (दारापाशी लोकांना बसवणाऱ्याने) प्रवचनाच्या वेळी मोजावं, तोवर उशिरा येणारे आलेले असतात. गायकवृंद, वेदीवरचे, पाळणाघरातली मुलं आणि त्यांना सांभाळणारे सुटतात, ते धरा. हेच आकडे वर्षअखेर मंडळीच्या अहवालात जातात, मुदत १ मार्च. फेब्रुवारीत वेस्ट्रीची, म्हणजे मंडळीच्या कार्यकारिणीची, धावपळ होते ती यामुळे.

पायरीपाशी
अजून अवांतर: पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा इंग्लंडात वाँटेजला झाला, १८८३ मध्ये. त्याच वाँटेजच्या सिस्टर (अँग्लिकन जोगिणी) पुण्यातही होत्या. वेगळा धागा काढायला हवा.

सुतळी
काढा ना! मी वाचेन.

ओलीइस्त्री
राखेच्या बुधवारचं (उपवासकाळाचा पहिला दिवस, कपाळाला राख लावतात) राहिलं, ते सगळ्यात महत्त्वाचं. गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या पूर्ण सुकवून, बाहेर अंगणात लोखंडी तव्यात जाळायच्या. आत नाही, धुराची घंटा वाजते. राख गार झाली की खलून बारीक चाळणीने चाळायची. कोरडी लावा किंवा थेंबभर तेल घाला. पाणी कधीही नको. राख आणि पाणी मिळून क्षार तयार होतो आणि कपाळाची कातडी भाजते. लोक दिवसभर ती पुसत नाहीत, त्यामुळे जखम होईपर्यंत कळत नाही.

चिंचगूळ
बापरे, हे माहीत नव्हतं. तेल कोणतं?

ओलीइस्त्री
ऑलिव्ह. दोन चमचे राखेला चार-पाच थेंब. जास्त झालं तर नाकावर ओघळतं. आणि देणाऱ्याच्या अंगठ्याला नंतर लिंबाची फोड आणि पावाचा तुकडा ठेवा, नुसत्या साबणाने निघत नाही.