सब्जेक्ट मराठीत असला की पोस्टफिक्सचा नियम लागत नाही

सावदेकर_केळीवाला:
राम राम मंडळी. सावद्याला केळीच्या पेढीचा मेल सर्व्हर माझ्याकडे आहे. मेल घ्यायला-पाठवायला पोस्टफिक्स आणि पेट्या सांभाळायला डोव्हकॉट २.३. शेठचं म्हणणं एवढंच, की बिल्टीच्या (मालवाहतुकीच्या पावतीच्या) मेल वेगळ्या पडाव्यात. पोस्टफिक्सच्या हेडर चेक्समध्ये (मेलच्या हेडरवर लावायचे नियम) सब्जेक्टवर दोन रिजेक्स (जुळणीचे साचे) लिहिले, बिल्टी इंग्रजीत आणि बिल्टी मराठीत. इंग्रजीचा लागतो, मराठीचा काही केल्या नाही. पोस्टमॅप या पोस्टफिक्सच्या कमांडने तपासलं तर दोन्ही जुळतात! शिवाय त्या नियमांत रीडायरेक्ट (मेल दुसऱ्या पत्त्यावर वळवणं) लावल्यापासून मेल नव्या पेटीत येते, पण शेठच्या इनबॉक्सात येतच नाही. ऐन कटाईत शेठ रोज डोकं खातात, भो.

भुसावळ_यार्ड:
मेलचा सोर्स उघडा. सब्जेक्टच्या ओळीत बिल्टी दिसणारच नाही, ‘यूटीएफ-८’ आणि पुढे रोमन अक्षरांची गिचमिड दिसेल. हेडरमधली देवनागरी बहुतेक वेळा बेस ६४ करून (बाइट रोमन अक्षरांत लिहून) येते. हेडर चेक्स ती उलगडत नाही, आली तशीच ताडून बघतं. पोस्टमॅपला तुम्ही साधं बिल्टी दिलं, म्हणून ते हो म्हणालं. आणि तिथलं रीडायरेक्ट मेलच्या सगळ्या रिसिपियंटना लागतं, त्यात शेठही आले.

चोपडा_नेट:
मग ती गिचमिडच रिजेक्समध्ये टाका. माझ्याकडे चालतंय.

भुसावळ_यार्ड:
चालतंय तोवर चालतंय. देवनागरी अक्षर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं, बेस ६४ पण तीन-तीन बाइट उचलतं, म्हणून जुळलं. बिल्टीच्या आधी नुसती एक स्पेस आली तरी पुढची सगळी अक्षरं बदलतात.

सावदेकर, हे काम सीव्हचं (आलेल्या मेल लावून ठेवायची स्क्रिप्ट, डोव्हकॉट चालवतं). पोस्टफिक्सचं व्हर्च्युअल ट्रान्सपोर्ट (तुमच्या पेट्या व्हर्च्युअल, म्हणजे सर्व्हरच्या युजर खात्यांशी न जोडलेल्या, असतील असं धरतो) डोव्हकॉटच्या एलएमटीपीकडे (मेल पेटीत पोचवणारा भाग) वळवा आणि डोव्हकॉटमध्ये एलएमटीपीच्या ब्लॉकात सीव्ह प्लगइन जोडा. पोस्टफिक्स स्वतःच डिलिव्हरी करत राहिलं तर स्क्रिप्ट कितीही बरोबर असू द्या, ती चालणारच नाही. सीव्ह सब्जेक्ट आधी उलगडतं, मग ताडतं. स्क्रिप्टची फाइल यूटीएफ-८ मध्येच सेव्ह करा. फाइलइंटूला (मेल फोल्डरात टाकायची आज्ञा) क्रिएट लावलं तर फोल्डर आपोआप बनतो, फक्त वर रिक्वायरमध्ये मेलबॉक्स लिहा. दुसऱ्या पेटीतही प्रत हवी असेल तर रीडायरेक्टला कॉपी जोडा, म्हणजे मूळ मेल जागेवर राहील.

सावदेकर_केळीवाला:
लागलं! हेडर चेक्समधल्या दोन्ही ओळी काढल्या. शेठला इनबॉक्सातही मेल पाहिजे होती, म्हणून फाइलइंटूलाही कॉपी लावलं. पण डिस्कवर ‘बिल्टी’ फोल्डरचं नाव ॲम्परसँड आणि काहीतरी अगडबंब असं दिसतंय. बिघडलं का?

भुसावळ_यार्ड:
नाही. आयमॅपचं (पेटी वाचायचा प्रोटोकॉल) फोल्डरच्या नावांसाठी स्वतःचं यूटीएफ-७ आहे, डोव्हकॉट २.३ डिस्कवर तसंच लिहितं. थंडरबर्डसारख्या मेल वाचायच्या प्रोग्रॅममध्ये बिल्टीच दिसेल. हाताने नाव बदलू नका.

अमळनेर_१:
एक राहिलं. ड्रायव्हर-दलाल ‘बिलटी’, ‘बील्टी’ काय वाटेल ते लिहितात. ट्रान्सपोर्टवाल्यांचे पत्ते ठरलेले असतील तर फ्रॉमवर नियम लावा, सब्जेक्टच्या नादी लागू नका.