सपोर्टचे मेल थेट वेबहुकवर घ्यावेत का?

टपालपेटी:
ग्राहकाचा मेल आला की त्याचं तिकीट बनवायचं, एवढंच काम. सध्या दर ५ मिनिटांनी क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप काम चालवणारा) आयमॅपने (सर्व्हरवरचे मेल वाचायची पद्धत) मेलबॉक्स उघडून बघतो. रडतखडत चालतं. माझं मत: एमएक्स रेकॉर्ड (डोमेनचे मेल कुठे जायचे ते सांगणारी नोंद) मेलगन किंवा सेंडग्रिड या मेल-सेवांकडे वळवावा. मेल आला की तेच वेबहुकने, म्हणजे थेट आपल्या यूआरएलवर, पोस्ट करतात. विषय, मजकूर, अटॅचमेंट सगळं सुटं करून. माइमचा (मेलच्या आतल्या रचनेचा) गुंता सोडवत बसायला नको.

जुनं_खोड:
नाही पटत. मेलबॉक्स ही आयती रांग आहे, तुमचा सर्व्हर आडवा झाला तरी मेल जागेवर असतो. आमचं टीएलएस सर्टिफिकेट (सुरक्षित जोडणीसाठी लागणारं) ऐन दिवाळीत संपलं. वेबहुकवाल्या सेवेने थोडा वेळ दार वाजवलं, मग नाद सोडला. आम्हाला कळलं चार दिवसांनी, तेही ग्राहक फोनवर तापले तेव्हा. मेलगन साधारण ८ तास प्रयत्न करतं. साध्या एसएमटीपीत (मेल पाठवायची नेहमीची पद्धत) पाठवणाऱ्याचा सर्व्हर ४-५ दिवस धीर धरतो, आणि नाहीच जमलं तर बाउन्स (मेल पोचला नाही अशी सूचना) तरी पाठवतो.

टपालपेटी:
सर्टिफिकेट तुमचं संपलं, खापर वेबहुकवर!

जुनं_खोड:
घाई असेल तर आयमॅपमध्ये आयडल आहेच की, १९९७ पासून. मेल आला की सर्व्हर स्वतःच सांगतो.

टपालपेटी:
वापरलंय. २९ मिनिटांच्या आत पुन्हा आयडल म्हणा, आणि मधेच कनेक्शन गुपचूप मेलं तर शोधत बसा.

रात्रपाळी:
ॲमेझॉनच्या एसईएसने (मेल-सेवा) मूळ मेल एस३ मध्ये (त्यांचं फाइल-कोठार) ठेवा, पुढचं काम लॅम्डाला (कोड चालवणारी त्यांची सेवा) द्या. काही फसलं तर मेल शाबूत. कुठलाही मार्ग घ्या, पण वेबहुक असेल तर सेवेची डिजिटल सही तपासा, नाहीतर त्या यूआरएलवर कोणीही खोटा मेल टाकेल. आणि ऑटो-सबमिटेड हेडर (मेल आपोआप गेलाय का ते सांगणारी ओळ) बघितल्याशिवाय उत्तर पाठवू नका. आमचा बॉट एका रजेवरच्या माणसाच्या ऑटो-रिप्लायशी रात्रभर गप्पा मारत होता.

जुनं_खोड:
मेल आधी एस३ मध्ये साठवायचा म्हणजे फिरून मेलबॉक्सच झाला ना?

टपालपेटी:
बरं, एमएक्स हलवत नाही. मेलबॉक्समधून वेबहुकच्या पत्त्यावर फॉरवर्डचा नियम लावतो. एंडपॉइंट (वेबहुकचा आपला यूआरएल) फक्त मेल रांगेत टाकून २००, म्हणजे ‘मिळालं’, म्हणेल. रोज रात्री दोन्हीकडचे मेसेज-आयडी (प्रत्येक मेलची ओळखखूण) ताडून बघेन, काही गळलं तर सापडेल.

जुनं_खोड:
आणि ते रोज रात्री कोण ताडणार? क्रॉनच ना? 😄