कागद पक्का, पण जमीनच बुडाली तर?

बरेचदा म्हटलं जातं की इंडोनेशियात परदेशी माणसाला जमिनीची पूर्ण मालकी मिळत नाही, पण गावकऱ्याकडे पक्का कागद असला की तो निर्धास्त. पहिलं बरोबर आहे, १९६० चा जमीन कायदाच तसा आहे. दुसरं मला अजिबात पटत नाही.

इंडोनेशियाच्या मध्य जावा प्रांतात, सेमारांग शहराच्या शेजारच्या देमाक जिल्ह्यात तिंबुलस्लोको ही किनाऱ्यावरची वस्ती आहे. आधी तिथे भातशेती होती, मग कोळंबी आणि माशांची तळी आली, आता सगळीकडे समुद्र. तळ्यांसाठी खारफुटी तोडली गेली, आसपास भूजलाचा बेसुमार उपसा झाला आणि जमीन खचत गेली. लोक पुन्हा पुन्हा भराव घालून किंवा फळ्या ठोकून घराची जमीन वर घेतात. छप्पर मात्र तिथंच राहतं, मग दारातून वाकूनच आत जावं लागतं. या घरातून त्या घरात जायचं तर पाण्यावरच्या लाकडी वाटेवरून. कबरस्तानसुद्धा भर घालून उंच करावं लागलं!

आणि १९६० च्या त्याच जमीन कायद्याचं कलम २७ सांगतं की जमीन नष्ट झाली तर मालकी हक्कही संपतो. म्हणजे वाडवडिलांची शेती पाण्याखाली गेली की हातातल्या प्रमाणपत्राचं काय, हा प्रश्न उरतोच. सेमारांग-देमाक टोल रस्ता आला, तेव्हा बुडालेल्या जमिनींच्या भरपाईवरून हाच वाद झाला. ज्यांचा यात काहीच दोष नाही त्यांनीच हक्क गमवायचा, हे मला सरळ अन्यायाचं वाटतं.