ज्येष्ठ सायकलपटूंच्या टाइम ट्रायलसाठी वयानुसार प्रमाणवेळ कशी ठरवावी?

नमस्कार. छत्रपती संभाजीनगरमधील आमचा सायकलपटूंचा गट हिवाळ्यात पैठण रस्त्यावर २० किलोमीटरची टाइम ट्रायल, म्हणजे प्रत्येकाने एकट्याने घड्याळाविरुद्ध सायकल चालवण्याची शर्यत, घेतो. सध्या चाळिशी, पन्नाशी आणि साठीपुढील असे तीन वयोगट आहेत. साठीपुढील गटात मोजकेच स्पर्धक असतात आणि त्यात एकसष्ट वर्षांचे निवृत्त शिक्षक व बहात्तर वर्षांचे शेतकरी काका एकाच निकषावर मोजले जातात. काकांची कामगिरी माझ्या मते अधिक मोठी असते, पण निकालपत्रात ते दरवेळी शेवटी दिसतात, हे मला मनापासून खटकते.

ब्रिटनमधील व्हेटरन्स टाइम ट्रायल्स असोसिएशन ही १९४३ साली स्थापन झालेली संस्था चाळीस वर्षांपुढील प्रत्येक वयासाठी आणि अंतरासाठी प्रमाणवेळ, म्हणजे तुलनेसाठी धरलेली अपेक्षित वेळ, ठरवते. स्त्री-पुरुषांच्या प्रमाणवेळा वेगळ्या असतात. स्पर्धकाने आपल्या प्रमाणवेळेपेक्षा किती वेळ वाचवला यावर क्रमांक लागत असल्याने पंचेचाळीस आणि पंचाहत्तर वर्षांचे स्पर्धक एकाच यादीत येऊ शकतात. हीच पद्धत आपल्याकडे आणावी असे मला वाटते.

अडचण वयानुसार द्यायच्या सवलतीच्या हिशोबाची आहे. सपाट रस्त्यावर हवेचा विरोध प्रमुख असतो आणि त्यावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती साधारणपणे वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे वयोमानाने शक्ती दहा टक्क्यांनी घटली, तरी वेग साडेतीन टक्क्यांच्या आसपासच घटतो. ताशी ३६ किलोमीटर वेगाने जाणाऱ्यासाठी २० किलोमीटरमध्ये हा फरक सुमारे सव्वा मिनिटाचा होतो. मात्र वारा सुटला की सर्वांच्याच वेळा लांबतात, आणि मग ठरावीक सेकंदांची सवलत वयस्करांना अपुरी पडेल अशी मला शंका आहे. त्याऐवजी त्या दिवशीच्या वेळेच्या टक्केवारीत सवलत देणे अधिक न्याय्य ठरेल का?

दुसरा प्रश्न असा की, आमच्याकडे सत्तरीपुढील नोंदी अगदीच थोड्या आहेत. अशा वेळी परदेशी तक्त्यातील दोन वयांमधील प्रमाण तेवढे घेऊन, आपल्या रस्त्यावरील चाळीस वर्षांच्या स्पर्धकांच्या वेळांवरून पुढील प्रमाणवेळा काढता येतील का? काही स्पर्धक एअरोबार (हवेचा विरोध कमी व्हावा म्हणून पुढे झुकून धरायचे हँडल) लावलेल्या महागड्या सायकली आणतात, तर काकांची सायकल साधी आहे. त्यामुळे सायकलीच्या प्रकारानुसारही विभागणी करावी का, की लहान गटात त्याने स्पर्धाच उरणार नाही?

ज्यांनी लातूर, नांदेड किंवा अन्यत्र अशा स्पर्धा घेतल्या आहेत, त्यांनी आपण वापरलेला तक्ता आणि त्यावर आलेले आक्षेप कृपया येथे लिहावेत.