टोमॅटो हिरवेच थांबलेत, पिकणार कधी?

गच्चीवाली_राजारामपुरी:
गच्चीवर आठ कुंड्यांत टोमॅटो लावलेत, मार्चअखेर फळं धरली, आता एप्रिल संपत आला तरी सगळे हिरवेगार, लिंबाएवढे होऊन तसेच थांबलेत. रोज सकाळी उठलं की आधी वर जाते, एकेक उलटून बघते, बुडाला तरी लाली आलीय का, पण नाही. दोन जरा पिवळट झालेत तेवढंच. पाणी दोन टाइम घालते, शेणखतपण दर पंधरा दिवसांनी. काय चुकतंय माझं? लेक सुट्टीला येणाराय, तिला झाडावरचा तोडून द्यायचाय हो.

कळंब्याचा_बागवाला:
ताई, मार्चअखेर धरली म्हणजे जेमतेम महिना झालाय, फूल पडल्यापासून पिकेपर्यंत दीड महिना तरी धरा. आणि दुसरं म्हणजे ऊन लई आहे. लाल रंग 20 ते 25 डिग्रीत चांगला येतो, 30 च्या वर गेलं की तो तयार व्हायचाच थांबतो, पिवळा तेवढा येत राहतो, तुमचे ते दोन पिवळट त्यामुळंच. आपल्याकडं दुपारी 37-38 जातंय, त्यात गच्चीची फरशी तापते ती वेगळीच. 50 टक्के ऊन अडवणारी हिरवी नेट बांधा, कुंड्या विटांवर ठेवा. खत आता बंद करा, नुसता पाला माजतो.

बावड्याची_काकू:
नेट बांधाच. आणि थोडी लाली दिसली की तोडला तरी चालतोय बाळा, कागदात गुंडाळून पिकल्या केळ्याजवळ ठेव, केळ्यातनं इथिलीन वायू निघतो त्यानं घरात मस्त पिकतो. फ्रिजमध्ये नको, चव जाते. अगदी हिरवे राहिले तर लसूण, हिरवी मिरची घालून तव्यावर परतायचे आणि शेंगदाण्याचा कूट घालून खरडा करायचा, भाकरीबरोबर दुसरं काही लागत नाही.

गच्चीवाली_राजारामपुरी:
नेट बांधली, विटा पण लावल्या. एका फळाला बुडाला काळा डाग पडलाय, रोग आहे का?

कळंब्याचा_बागवाला:
रोग नाही. कधी माती पार वाळली, कधी चिखल, असं झालं की फळापर्यंत कॅल्शियम पोचत नाही आणि बूड काळं पडतं. तेवढं फळ काढून टाका. बोट घालून बघायचं, वरची माती सुकली की मगच पाणी, आणि बुंध्याला वाळका पाला पसरा.

गच्चीवाली_राजारामपुरी:
दहा दिवसांनी लिहितेय. परवा वळीव झाला, रात्र गार गेली आणि आज सकाळी कोपऱ्यातल्या कुंडीत एकाच्या बुडाला नखाएवढी लाली! काकू, तोडला नाही अजून, लेक शनिवारी येतीय.