मदत हवी आहे: बर्फ मीठ बाहेर टाकतो, मग प्लास्टिकचे कण आत कसे राहतात?

मुग्धमेघा
नमस्कार मंडळी. कॉलेजच्या प्रकल्पासाठी समुद्री बर्फातल्या मायक्रोप्लास्टिकवर वाचतेय आणि एका जागी गाडी अडली आहे. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, पण ते गोठताना बरंचसं मीठ बाहेर पडतं. मग प्लास्टिक का पडत नाही?

घरी करून पाहिलं. काचेच्या ग्लासात मिठाचं पाणी, त्यात कानशीने घासलेल्या प्लास्टिकचा लाल भुगा, आणि ग्लास फ्रीजरमध्ये. कडेचा बर्फ जवळपास स्वच्छ निघाला. थोडा भुगा वर तरंगला होता, बाकीचा सगळा मधल्या पांढरट, खारट गाभ्यात. म्हणजे बर्फाने प्लास्टिक ढकललंच की!

शिवाय आकडे जुळत नाहीत. आर्क्टिकच्या बर्फाबद्दल २०१४च्या शोधनिबंधात घनमीटरला ३८ ते २३४ कण, तर २०१८मध्ये जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेने लिटरला १२,००० पर्यंत कण दिलेत. घनमीटर म्हणजे हजार लिटर, म्हणजे पन्नास हजार पटींचा फरक. कोणता धरू?

खारवट
प्रयोग छान आहे, पण ग्लासातलं पाणी शांत होतं. सगळा फरक तिथेच पडतो.

शांत पाण्यात बर्फाची भिंत कडेकडून हळूहळू आत सरकते आणि वाटेतला कण पुढे ढकलत नेते. भिंत वेगाने सरकली किंवा कण मोठा असला, तर ती त्याला ढकलण्याऐवजी गिळते. मिठाची गोष्ट वेगळी, ते विरघळलेलं असतं आणि त्याच्या आयनांना बर्फाच्या स्फटिकात जागाच नसते. तरी तेही पूर्ण जात नाही. बर्फात बारीक पोकळ्या आणि नळ्या राहतात, त्यांत दाट खारं पाणी साठतं. प्लास्टिकचे कणही तिथे अडकू शकतात.

समुद्रात मात्र सुरुवात भिंतीने होत नाही. वारा आणि लाटा पाणी घुसळत असतात. ते गोठणबिंदूच्या, म्हणजे उणे १.८ अंशांच्या, किंचित खाली गेलं की त्यात सुट्या चकत्या आणि सुया तयार होतात. याला फ्रॅझिल बर्फ म्हणतात. हे स्फटिक पाण्यात वरखाली फिरतात, कणांना धडकतात, चिकटतात आणि त्यांना घेऊन वर येतात. खालून वर येणारी जाळीच समजा. वर त्यांचा लगदा होतो, मग तो घट्ट गोठतो. म्हणून पाण्यापेक्षा जड प्लास्टिकही बर्फात सापडतं. उथळ समुद्रात तर तळाचा गाळसुद्धा असाच वर येतो.

तुमच्या प्रयोगात एवढंच बदला: पाणी थंड होताना सतत ढवळत राहा, लगदा झाला की चाळणीने उचला, निथळू द्या, वितळवून गाळा. तेवढंच खालचं पाणी वेगळं गाळा आणि दोन्हींतले कण मोजा.

शेवाळी
आकड्यांबद्दल. दोन्ही धरा, पण शेजारी शेजारी ठेवून तुलना करू नका. २०१८च्या चमूने ११ मायक्रोमीटरपर्यंतचे कण इन्फ्रारेडने ओळखले, आणि त्यांना सापडलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त कण मिलिमीटरच्या विसाव्या भागाहून लहान होते. असे कण डोळ्यांनी निवडताच येत नाहीत. चाळणी बदलली की आकडा बदलणारच. निबंध वाचताना आधी सगळ्यात लहान कण कोणता मोजलाय ते बघा, निष्कर्ष नंतर. (माझं हे तुणतुणं इथे जुनंच आहे.)

आणि नुसतं पाणी घेऊन एक कोरी चाचणी कराच. अंगावर पॉलिएस्टरचा स्वेटर असेल, तर गाळणीवर त्याचेच धागे मोजत बसाल.

मुग्धमेघा
दोघांचेही आभार, ढवळून करते. एक शेवटचं: हे कण जिथे गोठले तिथेच वितळतात का?

खारवट
क्वचितच. सैबेरियाच्या उथळ समुद्रात तयार झालेला बर्फ ट्रान्सपोलर प्रवाहाबरोबर ध्रुवाजवळून जात दोन-तीन वर्षांत ग्रीनलंड आणि नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांमधल्या फ्राम सामुद्रधुनीपर्यंत येतो. नॉर्वेचा ध्रुवसंशोधक नॅन्सेन याचं ‘फ्राम’ जहाज १८९३मध्ये मुद्दाम बर्फात अडकवलं ते याच प्रवाहाच्या भरवशावर. १८९६मध्ये ते दुसऱ्या टोकाला मोकळं झालं. सामुद्रधुनीचं नाव त्याच जहाजाचं.

वाटेत बर्फ खालून वाढत जातो, त्यामुळे प्रत्येक थरात त्या त्या पाण्यातला माल असतो. २०१८च्या नमुन्यांत सैबेरियाच्या बाजूला वाढलेल्या बर्फात रंगलेपाचे (पेंटचे) कण आणि नायलॉन जास्त होतं. संशोधकांनी ते तिथल्या जहाजांशी आणि मासेमारीच्या जाळ्यांशी जोडलं. कॅनडाच्या बाजूच्या पाण्यात वाढलेल्या थरांत पॉलिएथिलीन जास्त.

फ्रामजवळ बर्फ वितळतो आणि काही वर्षांचा साठा तिथल्या पाण्यात सुटतो. बर्फाखाली वाढणाऱ्या मेलोसिरा आर्क्टिका या शैवालातही आसपासच्या पाण्याच्या साधारण दहापट प्लास्टिक सापडलंय. हे शैवाल गठ्ठ्यांनी वेगाने तळाला जातं आणि प्लास्टिकही सोबत नेतं. प्रकल्पात जागा उरली तर हा भाग घ्याच.