मदत हवी आहे: मराठी-हिंदी-कन्नड गोष्टींचे पत्ते

५४ पत्त्यांचा संच आखलाय: २४ पात्रं-वस्तू, १२ जागा, १२ क्रिया, ६ वळणं (‘पण तेवढ्यात…’). प्रत्येकाला ५ पत्ते. पत्ता टाकायचा, गोष्टीत एक वाक्य जोडायचं. भाषा फाशावर, दोन-दोन बाजू एकेका भाषेच्या.

दर वाक्याला फासा टाकला की गोष्ट तुटते. फेरीला एकदाच टाकला, तर भाषा कच्ची असणारे ‘आहे-होता’वर भागवतात. क्रियेचा पत्ता सक्तीचा करावा का?

विशेषणं छापलीच नाहीत: मराठीत तीन लिंगं, हिंदीत दोन, कन्नडमध्ये विशेषण बदलतच नाही. नुसत्या चित्रावर मात्र प्रत्येक जण सोपाच शब्द काढतो. शब्द पाठीमागे छापले तर हातातले पत्ते समोरच्याला कळतात. वेगळा शब्दतक्ता द्यावा, की चित्राखालीच तिन्ही लिप्या बारीक टाइपात? ६३×८८ मिमीच्या पत्त्यावर कन्नड ओत्तक्षरं (अक्षराखाली बारीक लिहिली जाणारी जोडव्यंजनं) किती पॉइंटांपर्यंत वाचता येतात?